अनोळख्याला श्रद्धा सांगताना
(मिशन रविवारनिमित्त अभ्यासपाठ)



ऑक्टोबर महिन्यातील शेवटून दुसरा रविवार संपूर्ण कॅथोलिक ख्रिस्तसभेत मिशन रविवार म्हणून पाळला जातो. १९२६ साली पोप अकरावे पायस यांच्या काळात ही प्रथा सुरू झाली. आपल्याकडे त्या सुमारास सोयाबीनची काढणी झालेली असते, कापसाची वेचणी चालू असते आणि घराघरात रब्बीच्या पेरणीचे बोलणे असते. त्या दिवशी मिस्सामध्ये मिशनकार्यासाठी खास दान गोळा होते. आपण ऐपतीप्रमाणे देतो, प्रार्थना करतो, आणि बहुतेकांच्या दृष्टीने मिशन रविवार तेथेच संपतो.

गावोगावच्या भेटीत एक वाक्य आम्ही वारंवार ऐकतो, "फादर, देवाबद्दल सांगायचं काम तुमचं अन् सिस्टरांचं. आम्हाला कुठं तेवढं येतं?" या बोलण्यात नम्रता आहे, पण ते पूर्ण खरे नाही. शेजारी आपला प्रश्न घेऊन फादरकडे येत नाही, तो तुमच्याकडे येतो. आठवडी बाजारात, एसटीत, कापूस वेचताना तो विचारतो, "का हो भाऊ, तुम्ही रविवारी तिथं नेमकं काय करता?" एखादी बाई मयतीहून परतताना विचारते, "मावशी, तुमच्यात माणूस गेल्यावर काय सांगतात?" आपली तरुण मुले कामासाठी वाळूजला, चाकणला, पुण्याला जातात. तेथे खोलीतला जोडीदार परप्रांतातला असतो. जालन्याच्या पोलाद कारखान्यांत तर बिहार, उत्तर प्रदेशातून आलेली माणसे आपल्या खांद्याला खांदा लावून काम करतात. हे सगळे अनोळखी लोक फादरला नव्हे, तुम्हाला ओळखतात. म्हणून या पाठात आपण पाहू, की अनोळख्या माणसाला श्रद्धा सांगायची म्हणजे काय करायचे आणि काय करायचे नाही.

१. फिलिप रथाजवळ धावला

'मिशनरी' हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा अर्थ 'पाठवणे' असा आहे. मिशनरी म्हणजे पाठवलेला माणूस. या कामाचा उत्तम धडा आपल्याला प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात (८:२६-४०) मिळतो. घरी बायबल उघडून तो उतारा जरूर वाचावा.

फिलिप हा बारा प्रेषितांपैकी नव्हता. विधवांना रोजचे अन्न नीट वाटले जावे म्हणून जे सात जण निवडले गेले, त्यांतील तो एक. त्याला यरुशलेमहून गाझाकडे जाणाऱ्या ओसाड रस्त्यावर पाठवले जाते. तेथे इथिओपियाच्या राणीचा खजिनदार रथात बसून यशयाचे पुस्तक वाचत चाललेला असतो. परका देश, परकी भाषा, मोठा हुद्दा. फिलिप काय करतो, ते क्रमाने पाहा.

तो आधी जवळ जातो. मग ऐकतो, कारण त्या काळी लोक मोठ्याने वाचत असत. मग तो एकच प्रश्न विचारतो, जे वाचता ते समजते का? त्या गृहस्थाने रथात येऊन बसण्याची विनंती केल्यावरच तो वर चढतो. शिकवताना तो स्वतःच्या आवडीच्या विषयापासून सुरुवात करीत नाही, तर त्या माणसाच्या हातात जे पान उघडे आहे तेथूनच सुरू करून येशूपर्यंत पोहोचतो. पुढे पाणी दिसल्यावर स्नानसंस्काराचा विषय फिलिप काढत नाही, तो खजिनदार स्वतः काढतो. शेवटी फिलिप दिसेनासा होतो आणि नवा ख्रिस्ती माणूस आनंदाने आपल्या वाटेने पुढे जातो.

जवळ जाणे, ऐकणे, विचारणे, बोलावणे येईपर्यंत थांबणे, त्याच्या पानावरून सुरुवात करणे, निर्णय त्याच्यावर सोडणे आणि काम झाल्यावर बाजूला होणे. मिशनकार्याचा सगळा अभ्यासक्रम एवढ्यात आला. आपल्याकडून चूक होते ती बहुधा क्रमाची होते. आपण बोलण्यापासून सुरुवात करतो आणि ऐकायचे राहून जाते.

२. दाराखालून सरकवलेले कागद

सालेचे संत फ्रान्सिस (१५६७-१६२२) यांचे नाव आपल्याला जवळचे आहे. त्यांच्या नावाचा मिशनरी संघ फादर पीटर मेर्मिए यांनी १८३८ साली फ्रान्सजवळच्या सव्हॉय प्रदेशातील आन्सी या गावी स्थापन केला. आज ते गाव फ्रान्समध्ये आहे. १८४५ साली त्या संघाचे पहिले मिशनरी भारताकडे निघाले. पुढे विशाखापट्टणम, नागपूर असे करीत त्यांचे कार्य मराठवाड्यात आले. १८९२ साली वैजापूर भागातील घोगरगाव येथे मिशन सुरू झाले आणि तेथून आपल्या प्रदेशातील कॅथोलिक श्रद्धेचा इतिहास मोजला जातो. बोरसरला ज्यांच्या समाधीवर आजही लोक जातात ते फादर गुरियन जाकिए याच संघाचे. पुढे १९७७ साली अमरावती धर्मप्रांतातून आपला औरंगाबाद धर्मप्रांत वेगळा झाला.

पण संघाला ज्यांचे नाव दिले त्या संतांनी स्वतः काय केले होते? सप्टेंबर १५९४ मध्ये, धर्मगुरू होऊन वर्षही झाले नव्हते तेव्हा, ते शाब्ले नावाच्या डोंगराळ भागात पायी गेले. तेथील लोकांनी दोन पिढ्यांपूर्वी कॅथोलिक ख्रिस्तसभा सोडली होती. रोज किल्ल्यावरून उतरून ते थोनोन या गावी चालत जात आणि प्रवचन देत. ऐकायला मोजकी माणसे येत, कधी तेवढीही नसत. येणाऱ्याला शेजाऱ्यांची भीती वाटे. मग त्यांनी छोटे छोटे लेख लिहिले, त्यांच्या प्रती काढल्या आणि घरांच्या दाराखालून आत सरकवल्या. जो माणूस प्रवचनाला येऊ शकत नव्हता, तो दार लावून, दिव्याजवळ बसून वाचू शकत होता. पटले नाही तर कागद चुलीत घालायला तो मोकळा होता. त्या कागदांमुळेच १९२३ साली ख्रिस्तसभेने त्यांना लेखक व पत्रकारांचे आश्रयदाते संत ठरवले. तुमच्या हातातले हे रविवारचे पत्रक त्याच कुळातले आहे.

इतिहास प्रामाणिकपणे सांगायचा तर शाब्लेमध्ये सव्हॉयच्या ड्यूकची सत्ताही कामाला लागली होती. तरी फ्रान्सिस यांची स्वतःची वाट चार वर्षांच्या पायपिटीची आणि सौम्य बोलण्याची होती. त्यांच्या जीवनातली आणखी एक गोष्ट विसरता येणार नाही. मार्टिन नावाचा एक मूकबधिर माणूस त्यांना भेटला. त्या काळी अशा माणसाला धर्मशिक्षण देता येईल असे लोकांना वाटत नसे. फ्रान्सिस यांनी त्याला आपल्या घरी ठेवून घेतले, हातवाऱ्यांची भाषा जुळवली आणि त्याला ख्रिस्तप्रसाद घेण्याइतके तयार केले. जेथे शब्दच चालत नाहीत तेथेही श्रद्धा शिकवता येते, मात्र त्यासाठी शिकवणाऱ्याला आपला वेळ आणि आपले घर द्यावे लागते.

३. मराठी शिकलेला इंग्रज

फादर थॉमस स्टीफन्स हे येशूसंघीय मिशनरी २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यात उतरले. ते इंग्लंडचे होते. लिस्बनहून निघालेल्या जहाजात त्यांचे सहा महिन्यांहून अधिक दिवस गेले होते. पुढील चाळीस वर्षे, १६१९ साली निधन होईपर्यंत, ते बहुतांशी गोव्यातील साष्टी भागात राहिले. त्यांनी कोकणी शिकली, तिचे व्याकरण लिहिले, आणि मराठी इतकी आत्मसात केली की १६१६ साली रायतूर येथे त्यांचे 'क्रिस्तपुराण' छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ, सृष्टीच्या उत्पत्तीपासून प्रभू येशूच्या स्वर्गारोहणापर्यंत. देवनागरीचे खिळे उपलब्ध नसल्यामुळे तो रोमन लिपीत छापावा लागला.

ग्रंथाच्या आरंभी तो का लिहिला याचे कारण दिले आहे. साष्टीतील नवे ख्रिस्ती लोक फादरना विचारतात, आमची जुनी पुराणे आता आमच्याकडे राहिली नाहीत, मुलांच्या धर्मशिक्षणाचे पाठ चांगले आहेत, पण वेळ घालवायला, मनाला धरून ठेवायला आम्ही काय वाचावे? त्या प्रश्नाला क्रिस्तपुराण हे उत्तर होते. लोकांच्या कानाला ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ओवीची सवय होती. फादरनी तीच ओवी उचलली, स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटले, आणि पॅलेस्टाईनमधली कथा मराठी अंगणात आणून बसवली. चर्चमध्ये ते पुराण मोठ्याने वाचले जाई.

येथे थोडे थांबून दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. लोकांकडे जुनी पुराणे का राहिली नव्हती? कारण पोर्तुगीज सत्तेने साष्टीत मंदिरे पाडली होती आणि जुने ग्रंथ बाळगण्यावर बंदी घातली होती. १५६० साली गोव्यात धर्मन्यायासन सुरू झाले आणि ते १८१२ पर्यंत चालले. १५८३ साली कुंकळी येथे पाच येशूसंघीय मिशनऱ्यांची हत्या झाली, आणि त्यानंतर तेथील गावकऱ्यांच्या प्रमुखांना सत्ताधाऱ्यांनी ठार केले. हा आपल्या श्रद्धेच्या प्रसाराचाच इतिहास आहे. शेजारी त्याबद्दल विचारतो तेव्हा तो टाळू नये. १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी रोममधील संत पेत्र महामंदिरात, सत्याच्या सेवेच्या नावाखाली ख्रिस्ती लोकांनी जी जबरदस्ती केली तिच्याबद्दल देवाकडे जाहीर क्षमायाचना केली. पोपमहोदय जे उघडपणे बोलले ते आपणही बोलू शकतो.

मग स्टीफन्स यांचा धडा कोणता? सत्तेने जे केले त्याला कोणी प्रेमाने आठवत नाही. क्रिस्तपुराण मात्र चारशे वर्षांनंतरही मराठीचे अभ्यासक वाचतात, आणि त्यांतील अनेक ख्रिस्ती नाहीत. ज्याने समोरच्याची भाषा शिकण्यासाठी आयुष्य घातले, त्याचे म्हणणे त्या भाषेने जपून ठेवले.

भाषा म्हणजे नुसती मराठी नव्हे. समोरचा माणूस कशाने दुखावतो, कशाला मान देतो, त्याच्या घरी कोणते दुःख आहे, हे कळणे म्हणजे त्याची भाषा येणे. आपल्या शेजाऱ्याच्या घरी वारीची परंपरा असेल, कोणाच्या घरी बाबासाहेबांची प्रतिमा असेल, कोणाकडे रोजे असतील. त्यांच्या दृष्टीने पवित्र काय आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याने आपले पवित्र काय ते सांगायला घाई करू नये.

४. आगगाडीतला सहप्रवासी

रेव्हरंड नारायण वामन टिळक हे नाव मराठी माणसाला सांगावे लागत नाही. ते आपल्या कॅथोलिक ख्रिस्तसभेचे नव्हते, पण त्यांची कथा प्रत्येक मराठी ख्रिस्ती माणसाने जाणून घ्यावी अशी आहे. नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने जाताना त्यांच्या डब्यात एक युरोपीय गृहस्थ होते. दोघे एकमेकांना पूर्ण अनोळखी. बोलणे सुरू झाले, साहित्यावरून धर्मावर आले. त्या गृहस्थाने टिळकांना आपल्याजवळचा नवा करार दिला आणि वाचा म्हणून विनंती केली. टिळकांनी शब्द दिला म्हणून वाचायला घेतले. मत्तयच्या शुभवर्तमानातील डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत आल्यावर त्यांना ते पुस्तक खाली ठेववेना. फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

त्या सहप्रवाशाच्या नावाने आज कोणी जयंती करीत नाही. त्याने काय केले? सौजन्याने बोलला, समोरच्याच्या विद्वत्तेला मान दिला, एक पुस्तक दिले, आणि आपल्या स्टेशनवर उतरून गेला. बाकीचे काम देवाच्या वचनाने आणि टिळकांच्या स्वतःच्या बुद्धीने केले. त्यातून मराठीला टिळकांची ख्रिस्ती कविता आणि भजने मिळाली.

याच कथेचा दुसरा भाग लक्ष्मीबाई टिळकांचा. पतीने धर्म बदलला म्हणून त्यांनी लगेच बदलला नाही. बाप्तिस्म्यानंतर काही वर्षे दोघे वेगळे राहिले. एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाईंनी आपले सोवळेओवळे बराच काळ पाळले. त्यांचा बाप्तिस्मा टिळकांच्या नंतर सुमारे पाच वर्षांनी झाला, तोही त्यांच्या मनाला पटल्यावर. हे सारे त्यांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये लिहून ठेवले आहे. एका घरात राहूनही टिळकांना वाट पाहावी लागली, मग आपण रस्त्यावरच्या अनोळख्याकडून एका भेटीत उत्तर मागण्याचे काय कारण?

आपल्या जालन्याचा इतिहासही येथे आठवतो. रेव्हरंड नारायण शेषाद्री हे १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झाले. पुढे ते जालना भागात आले आणि तेथे बेथेल ही वसाहत त्यांनी उभी केली. तेही प्रॉटेस्टंट. ज्या लोकांना गावाने वेशीबाहेर ठेवले होते त्यांच्यासाठी त्यांनी आपले आयुष्य दिले. श्रद्धेचे बी आपल्या जिल्ह्यात अनेक हातांनी पेरले आहे, हे कृतज्ञतेने मान्य करण्यात आपली कॅथोलिक श्रद्धा काही कमी होत नाही.

५. वसईचा मुलगा जपानमध्ये

मिशनरी नेहमी बाहेरून येतो असे आपल्याला वाटते. पण आपल्या महाराष्ट्रातूनही मिशनरी बाहेर गेले. संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म सोळाव्या शतकाच्या मध्यावर वसईत झाला. किशोरवयात ते येशूसंघीय फादरांबरोबर जपानला गेले आणि तेथील भाषा शिकले. धर्मसंघात प्रवेश मिळाला नाही म्हणून त्यांनी व्यापार केला. पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन संघाने त्यांना ब्रदर म्हणून घेतले. १५९३ साली संघाचे धर्मगुरू जपानला निघाले तेव्हा त्यांना दुभाषा हवा होता. गोन्सालो परत त्याच देशात गेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे सव्वीस ख्रिस्ती जनांना क्रूसावर चढवण्यात आले. त्यांत गोन्सालो होते. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी या सर्वांना संत घोषित केले. भारतात जन्मलेले ते पहिले संत.

ते धर्मगुरू नव्हते. मिस्सा अर्पण करणे, पापनिवेदन ऐकणे हे त्यांचे काम नव्हते. इतरांचे बोलणे जपानी माणसाला कळेल असे करणे, हे त्यांचे काम होते. "आम्हाला कुठं तेवढं येतं?" असे म्हणणाऱ्यांनी या मराठी भूमीतल्या दुभाष्याकडे पाहावे.

६. कंटाळलेल्या शिक्षकाला संत ऑगस्टिन यांचे उत्तर

आता प्रत्यक्ष शिकवायचे कसे? सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी कार्थेज शहरात देओग्रातियास नावाचा एक डिकन होता. श्रद्धेबद्दल ज्यांना काहीच ठाऊक नाही अशा लोकांना पहिला पाठ देणे हे त्याचे काम. त्याने संत ऑगस्टिन यांना कळवले की बोलताना मी स्वतःच कंटाळतो, आणि ऐकणाऱ्याला काय वाटत असेल या विचाराने खचतो. संत ऑगस्टिन यांनी त्याला उत्तरादाखल एक छोटे पुस्तकच लिहून पाठवले. त्यातील सूचना आजही आपल्या धर्मशिक्षकांना, मास्तरांना आणि आईवडिलांना उपयोगी आहेत. त्यांचा सारांश असा.

अ) समोरचा माणूस का आला आहे, हे आधी विचारा. कोणी भीतीने येतो, कोणी स्वप्न पडले म्हणून, कोणी नुसता काही फायदा होईल म्हणून. कारण कसेही असो, बोलणे तेथूनच सुरू करा.

आ) नियमांची यादी सांगू नका, गोष्ट सांगा. देवाने जग निर्माण केल्यापासून आजच्या ख्रिस्तसभेपर्यंत एकच गोष्ट आहे, आणि ती देवाच्या प्रेमाची आहे. सगळे तपशील सांगण्याची गरज नाही. जेथे त्या प्रेमाचे दर्शन ठळक होते तेथे थांबा, बाकी थोडक्यात सांगा.

इ) आनंदाने सांगा. तेच तेच सांगून कंटाळा येतो, तेव्हा आपल्या गावात आलेल्या पाहुण्याची आठवण ठेवा. नेहमीचा रस्ता, नेहमीचे शेत आपण त्याला दाखवतो तेव्हा त्याच्या नजरेने ते आपल्यालाही नवे दिसते.

ई) ऐकणारा थकला असेल तर त्याला बसायला द्या. त्या काळी आफ्रिकेतील चर्चमध्ये लोक उभे राहून ऐकत. संत ऑगस्टिन म्हणतात, समुद्रापलीकडील काही चर्चमध्ये लोकांना बसू देतात, ते बरे. एवढा मोठा विद्वान माणूस ऐकणाऱ्याच्या पायांचा विचार करतो, हे लक्षात घ्या.

उ) आपले बोलणे आपल्यालाच अपुरे वाटते, याने खचू नका. संत ऑगस्टिन कबूल करतात की त्यांना स्वतःचे बोलणे जवळजवळ नेहमीच कमी पडल्यासारखे वाटते.

दुसऱ्या एका पुस्तकात संत ऑगस्टिन यांनी याचे तात्त्विक कारणही दिले आहे. शब्द कानापर्यंत पोहोचतात, पण खरे काय ते आत बसलेला गुरू दाखवतो, आणि तो गुरू ख्रिस्त. पुढे संत थॉमस अक्वायनस यांनी शिक्षकाची तुलना वैद्याशी केली. वैद्य औषध देतो, पण शरीर स्वतःच्या शक्तीने बरे होते. शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. आपण पेरतो, पाणी देतो, तण काढतो. उगवण आपल्या हातात नसते. जो उगवण आपल्या हातात घेऊ पाहतो तो कोंब उपटून बसतो.

७. जेथे थांबले पाहिजे

मिशनकार्याबद्दल आपल्या देशात शंका आहेत, वाद आहेत. म्हणून ख्रिस्तसभेची शिकवण प्रत्येक कुटुंबाला स्पष्ट ठाऊक असावी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली मिशनकार्यावरील आपल्या दस्तऐवजात, कोणालाही जबरदस्तीने किंवा आमिष दाखवून श्रद्धेकडे आणण्यास सक्त मनाई केली आहे. त्याच दिवशी, ७ डिसेंबर १९६५ रोजी, धर्मस्वातंत्र्यावरील जाहीरनामाही प्रसिद्ध झाला. ख्रिस्तसभेच्या कायद्यातही (कलम ७४८) हेच आहे. प्रौढ माणसाला ख्रिस्ती व्हायचे असेल तर त्याच्यासाठी तयारीचा दीर्घ काळ ठरवलेला आहे. आपण त्याला पहिल्याच आठवड्यात स्नानसंस्कार देत नाही, तो का आला हे विचारतो आणि त्याला परत जाण्याचीही मोकळीक ठेवतो.

आपल्या राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमाने प्रत्येक व्यक्तीला आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. हा हक्क सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या मर्यादेत आहे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केले की प्रसार म्हणजे आपल्या श्रद्धेची तत्त्वे सांगणे, आणि दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही.

म्हणून काही गोष्टी मनात पक्क्या असाव्यात. आजाऱ्याला मदत करायची ती तो आजारी आहे म्हणून. गरीब मुलाला वही द्यायची ती त्याला शिकायचे आहे म्हणून. मदतीला अट लावली की तो सौदा होतो, आणि सौद्याने मिळालेली श्रद्धा पहिल्या दुष्काळात वाळून जाते. दुसऱ्याच्या देवाची, गुरूची, संतांची निंदा करायची नाही. कोणाच्या घरातल्या भांडणाचा, कर्जाचा, आजारपणाचा फायदा घेऊन बोलायचे नाही. आणि अल्पवयीन मुलाशी त्याच्या आईवडिलांच्या अपरोक्ष धर्माबद्दल बोलायचे नाही.

मग कोणी म्हणेल, "फादर, एवढं सांभाळायचं तर गप्प बसलेलंच बरं." तसे नाही. संत पेत्र आपल्या पहिल्या पत्रात (३:१५-१६) सांगतात की आपल्या आशेचे कारण विचारणाऱ्याला उत्तर देण्यास नेहमी तयार असावे, आणि ते उत्तर सौम्यतेने व आदराने द्यावे. जो विचारतो त्याला गप्प राहून परत पाठवणे हाही त्याचा अनादरच. तहानलेल्याला आपण जबरदस्तीने पाणी पाजत नाही, पण माठ लपवूनही ठेवत नाही. पोप सहावे पॉल यांनी १९७५ साली याच विषयावर लिहिताना म्हटले होते की आजचा माणूस शिक्षकापेक्षा साक्षीदाराचे अधिक ऐकतो. ज्याच्या घरी दारूपायी मारहाण होते, ज्याचा बांधावरून सख्ख्या भावाशी अबोला आहे, त्याला येशूच्या क्षमेबद्दल बोलण्याआधी घरी थोडे काम आहे.

८. या महिन्यात आपण काय करू?

१) प्रत्येक कुटुंबाने एक प्रश्न तयार ठेवावा आणि त्याचे उत्तर आपल्या शब्दांत, दोन-तीन वाक्यांत, घरी बोलून पाहावे. प्रश्न असा, "तुम्ही येशूला का मानता?" पाठ केलेले उत्तर नको. तुमच्या घरात काय घडले, कोणत्या संकटात कोणी धीर दिला, ते सांगा.

२) आपल्या ओळखीतील एका अनोळख्या कुटुंबाकडे, म्हणजे नव्याने राहायला आलेल्या, परगावच्या, परप्रांतातल्या कुटुंबाकडे, या महिन्यात एकदा जाऊन यावे. काही सांगायला नव्हे, ऐकायला.

३) कामासाठी बाहेर गेलेल्या मुलामुलींना फोनवर विचारावे, तेथे जवळचे चर्च कोणते, मिस्सा किती वाजता. जो स्वतः देवापासून दूर गेला आहे त्याला जोडीदाराच्या प्रश्नाचे उत्तर सुचणार नाही.

४) मिशन रविवारचे दान मुलांच्या हातून द्यावे. १८२२ साली फ्रान्समधील ल्यों शहरात पोलीन जारिको या तरुणीने श्रद्धेच्या प्रसारासाठी संस्था सुरू केली. रेशीम कारखान्यातील कामगार मुली दर आठवड्याला एक लहानसे नाणे आणि रोज एक प्रार्थना देत. त्या नाण्यांवर जगभरची मिशने उभी राहिली. २०२२ साली पोलीन जारिको यांना धन्यवादित घोषित करण्यात आले.

५) ज्यांना अंथरुणावरून उठता येत नाही त्यांनी स्वतःला मिशनरी समजावे. लिझ्यूच्या संत तेरेजा मठाबाहेर कधी मिशनला गेल्या नाहीत, चोविसाव्या वर्षी क्षयाने वारल्या. तरी १९२७ साली ख्रिस्तसभेने त्यांना संत फ्रान्सिस झेवियर यांच्या बरोबरीने मिशनकार्याच्या आश्रयदात्या संत म्हणून जाहीर केले.

कुटुंबात व वस्तीच्या प्रार्थनासभेत चर्चेसाठी

१. फिलिपच्या कथेतील कोणती पायरी आपल्याला सर्वांत अवघड वाटते? का?
२. आपल्या शेजाऱ्याच्या धर्मातील एक चांगली गोष्ट सांगा. ती आपल्याला कशी कळली?
३. आपल्या घराण्यात ख्रिस्ती श्रद्धा कोणाकडून आली? त्या व्यक्तीने काय केले म्हणून आपल्या आजोबा-पणजोबांना विश्वास वाटला? घरातील वडीलधाऱ्यांना विचारून ते वहीत लिहून ठेवा.
४. आपल्याला कोणी श्रद्धेबद्दल विचारले आणि आपण उत्तर टाळले, असे झाले आहे का?

तिसऱ्या प्रश्नावर विशेष वेळ द्यावा अशी आमची विनंती आहे. आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी कधीतरी कोणी अनोळखी माणूस आला होता. तो पायी आला असेल, बैलगाडीने आला असेल, तुटक्या मराठीत बोलला असेल. आपल्या माणसांनी त्याला ओसरीवर बसायला दिले आणि त्याचे ऐकले. त्यांनी ऐकले म्हणून आज आपण केदारखेड्यात एका वेदीभोवती जमतो. आता आपल्या ओसरीवर कोणी बसला आणि त्याने विचारले, तर त्याला चहा द्या, त्याचे ऐका, आणि मग जे तुम्हाला मिळाले ते त्याला सांगा.

प्रभूची कृपा आपणा सर्वांबरोबर असो.

— आपले धर्मगुरू, केदारखेडा